समर टायर आणि पुढे सरकणारी सीट

२० एप्रिल १९८६, रविवार. नेरूळ.

कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच होती. स्टोअर्समध्ये दिवसभर इतकी आवक-जावक लिहितो की घरी आल्यावर पेन हातात धरवत नाही. पण आज मेव्हणा नंदकिशोर म्हणाला, "दाजी, टायर चालवून कसे वाटतात ते लिहून ठेवा ना. ऑगस्टात मी परत येतो. बोट सोडली की कळंबोलीला टायरचं दुकान टाकायचं डोक्यात आहे. गिऱ्हाईकाला सांगायला आपल्या माणसाचा अनुभव पाहिजे." माझा अनुभव कोणी मागण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून आजपासून लिहितो.

नंदू मालवाहू बोटीवर फिटर आहे. या खेपेला त्याने माझ्या फियाटसाठी चार परदेशी टायर आणले. "समर टायर आहेत, दाजी. हाय परफॉर्मन्स. एकदम पकड. टेन्शन नाय." टायर खरोखर देखणे आहेत. त्यांच्यावरची नक्षी पाहून जयमाला म्हणाली, असली किनार साडीला शोभेल. जयमाला म्हणजे माझी पत्नी, नंदूची थोरली बहीण, माहेर करावे गावचे.

हे टायर मला का हवेत तेही लिहितो, कारण डायरीत खोटे लिहायचे नसते. पाडव्याला मी सेकंड हँड फियाट आणली. पहिला मान बाबांचा, म्हणून थेट दिवाळ्याला, आमच्या गावी, नेली. माझे वडील सिताराम तांडेल, आडनावाने आणि कामानेही तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. खाडीत त्यांची होडी आहे आणि सगळी हयात त्यांनी तिचे सुकाणू धरले आहे. त्यांना पुढे बसवून बेलापूरच्या किल्ल्याच्या रस्त्याला लागलो तोच एक कोंबडी आडवी आली. मी ब्रेक वेळेवर लावला. गाडी मात्र फरफटत जाऊन तिरकी थांबली आणि बाबांचे नाक समोरच्या पत्र्यावर आपटले.  बाबा उतरले, टोपी झटकली आणि म्हणाले, "सुकान काय, चाक काय, यकच. तुज्या हातान ते नाय, शामा. तू चालवशील त्या गारीन मी परत बसाचा नाय."

कोंबडीला काही झाले नाही. पण तिच्यामुळे मोठी पंचाईत झाली आहे. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजवा पिकला आहे. होडीवरच्या गड्यांनी त्यांना स्पष्ट सांगितले आहे की नारळी पुनवेपर्यंत डोळ्यांचे ऑपरेशन करून घ्या, आम्ही थांबतो. नाहीतर सुकाणू दुसऱ्याकडे द्यावे लागेल. दवाखाना वाशीला. बसमध्ये चढायचे तर बाबांना पायरी दिसत नाही, रिक्षात पाठ धरते, आणि माझ्या गाडीत ते बसत नाहीत. बाबांच्या हातून सुकाणू गेले तर ते ओट्यावर बसून राहतील आणि वर्षभरात संपतील, हे मला कळते. आणि ते एका कोंबडीमुळे झाले असे मला जन्मभर वाटत राहील.

चूक टायरची होती. मी ब्रेक लावला होता, टायर थांबले नाहीत. आता टायर बदलले की बाबा बसतील.

२२ एप्रिल

उरण फाट्यावरच्या धर्मराजने टायर चढवले. पंक्चर काढता काढता तो जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो. आज म्हणाला, "तांडेलसाहेब, ह्या टायरला ही गाडी शोभत नाही." मी दुर्लक्ष केले.

मी कंपनीच्या बसने कामावर जातो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर फार, तिथे आपली गाडी घालणे बरे नव्हे. त्यामुळे चाचणी नंदूनेच घेतली. सोबत जयमालाही गेली, तेवढाच तिला वारा. नेरूळमध्ये सिडकोने रस्ते रुंद केले आहेत आणि माणसे अजून यायची आहेत, त्यामुळे मोकळीक भरपूर. मी परतलो तरी ती दोघे यायची होती. आल्यावर पाहतो तो नंदू कोरडा ठणठणीत आणि जयमाला घामाने निथळत होती. नुसते बसून माणूस एवढा घामेजतो म्हणजे टायरची उष्णता डाव्या बाजूने आत येत असावी. नोंद केली.

वरच्या मजल्यावरचे रावसाहेब गुरुजी खाली येऊन टायर पाहून गेले. ते नांदेडकडचे, शाळेत मराठी शिकवतात. टायरचे नाव सांगताच त्यांनी चष्मा पुसला. "समर. म्हणजे युद्ध. समरांगण, समरप्रसंग. श्यामसुंदरराव, हे लष्करी बनावटीचे टायर दिसतात. रणगाड्याच्या खालोखाल." मला हे सुचले नव्हते. बोटीवरच्या लोकांना कुठून कुठून काय काय मिळते.

२५ एप्रिल

नंदू बोटीवर गेला. जाईपर्यंत रोज चाचणी चालू होती. भावाबहिणीचे इतके प्रेम हल्ली कुठे दिसते?

२७ एप्रिल, रविवार

आज युद्धाच्या टायरची युद्धासारखी परीक्षा घ्यायची ठरवले. बाबांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे त्यांना जेवढे दिसते तेवढ्यात. दिवाळ्याच्या बंदराजवळ भरतीचे पाणी येऊन गेलेला चिखल असतो. मी गुरुजींना शेजारी बसवले आणि गाडी त्यात घातली.

गाडी आत गेली. बाहेर येईना. जितका ॲक्सिलेटर दाबावा तितकी ती बसत गेली. सुकट वाळत घालणाऱ्या बायका काम टाकून पाहायला आल्या. गुरुजी पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून उतरले आणि म्हणाले की, सैन्यात अशा वेळी माघार घेतात.

शेवटी बाबाच होडीचा दोर घेऊन आले. गडी ओढायला लागले. आत कुणीतरी चाक सरळ धरायला हवे होते. मी सरसावलो तर बाबा म्हणाले, "तू भायेर ऱ्हा. दोर धर." आणि जयमालाला आत बसवले. गाडी डुलत डुलत वर आली आणि कोरड्यावर येऊन अगदी शांत उभी राहिली. बाबा बराच वेळ टायरवरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "पोरीचा हात बरा हाय." जयमालाने दोर गुंडाळून ठेवला होता, त्याबद्दल असावे.

४ मे

घरात थोडे वाजले. टायरवर चिकटवलेला एक गोल कागद मी जपून ठेवला होता. जयमालाने तो आज वाचला. ती मॅट्रिकला इंग्रजीत पास आहे, मी दुसऱ्यांदा पास झालो. म्हणाली, "अहो, हे समर म्हणजे युद्ध नाही. एस यू डबल एम. उन्हाळा. उन्हाळी टायर आहेत हे." मी म्हटले, मग चिखलात जायच्या आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, तुम्ही आणि गुरुजी शिवाजी महाराजांच्या थाटात निघाला होता, मधे कोण बोलणार.

गुरुजींना सांगितले. त्यांना वाईट वाटले. म्हणाले, इंग्रजीत एवढ्या पोकळ अर्थाला इतका भारदस्त शब्द वाया घालवलाय.

असो. उन्हाळी तर उन्हाळी. आता मे महिनाच आहे.

१८ मे, रविवार

महिनाभराचे निरीक्षण नंदूसाठी नीट लिहून काढतो.

पकड उत्तम. इतकी की त्या धक्क्याने ड्रायव्हरची सीट पुढे सरकते. दर रविवारी मी बसतो तेव्हा गुडघे स्टिअरिंगला लागतात. मी मागे ढकलून ठेवतो, पुढच्या रविवारी पुन्हा पुढे. म्हणजे गाडी उभी असतानाही पकड चालूच असते. आरसाही खाली झुकतो. उन्हाने स्क्रू सैल होत असावा.

पेट्रोल जास्त लागते. मी आठवड्यात एकदा गाडी काढतो, तरी काटा खाली. धर्मराजला विचारले तर तो म्हणाला, "परदेशी टायर आहे साहेब, पिणारच," आणि पाठ करून खोकत बसला. त्याला बरेच दिवस खोकला आहे.

बाकी घरची हकीकत ठीक. बाबांचा दुपारचा डबा जयमाला नेते, तो हल्ली गरम पोचतो म्हणून बाबा खूश आहेत. बसेस सुधारल्या आहेत. ती मध्येच दोनदा ठाण्याला जाऊन आली, फोटोही काढून घेतला. महिला मंडळाचे ओळखपत्र करायचे आहे म्हणते. या मंडळात ओळख पटवून द्यायला एवढे काय लागते कोण जाणे.

आज दिवाळ्याला गेलो आणि बाबांना पुन्हा एकदा गाडीचे विचारले. पाया पडून विचारले. ते म्हणाले, "येकदा सांगला ना." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "सानपाड्याला वलनावर खड्डा परलाय. थय हलू घे." बाबा गावाबाहेर पडत नाहीत, तरी त्यांना कुठले खड्डे ठाऊक. गावात बातमी लपत नाही.

परत येताना मला रडू आले. जयमालाने पाहिले. म्हणाली, "होईल ऑपरेशन. मी बघते." ती काय बघणार?

२५ मे

आज दिवाळ्याला होड्या वर काढल्या. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा होडी किनाऱ्यावर ओढायची, तिच्यावर नारळाच्या झावळ्यांचे झाप घालून शाकारून ठेवायची आणि नारळी पुनवेला पूजा करून परत पाण्यात सोडायची. आमच्यात हे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. बाबा डोळे किलकिले करून झाप बांधत होते. गाठ मात्र एकही चुकली नाही.

दोर धरून उभा होतो आणि माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. उन्हाळी टायर! पावसाळ्यात ते चालवणे म्हणजे आषाढात होडी बाहेर काढण्यासारखे. मृगाच्या आधी टायर शाकारले पाहिजेत. आपल्या वाडवडिलांना जे होडीबद्दल कळत होते ते परदेशातल्या लोकांनी टायरवर चक्क छापले आहे.

७ जून, शनिवार

सुट्टी काढून टायर उतरवले. धर्मराज हात कमरेवर ठेवून उभा. "साहेब, पाऊस तोंडावर आलाय आन् तुमी नवे काढून गुळगुळीत लावताय?" मी त्याला शब्दाचा अर्थ समजावला. तो जयमालाकडे बघत राहिला. जयमाला आकाशाकडे बघत होती.

जुने टायर गाडीला लावले. नवे पोत्यांत भरून, सुतळीने शिवून माळ्यावर चढवले. पोत्यांवर अबोलीचे फूल ठेवून नमस्कार केला. जयमाला म्हणाली, "आता नारळी पुनवेलाच काढायचे ना?" म्हटले, अर्थात. ती म्हणाली, "बरं."

१० जून

कामावरून आलो तर जयमालाने माळा साफ केलेला. सगळी पोती एकटीने उतरवून परत जागेवर ठेवली म्हणते. सुतळीसुद्धा नवी लावली. बाईची कमाल आहे. खोदून विचारले तर धर्मराजभाऊ इकडून जात होते, त्यांनी हात लावला म्हणाली. त्याचे दुकान उरण फाट्यावर, तो नेरूळमध्ये कुठे जात होता ते विचारायचे राहून गेले.

२२ जून, रविवार

पाऊस संततधार. भीतभीत गाडी काढली आणि थक्क झालो. आपले जुने देशी टायर पावसात काय खुलतात! वळणावर ढळत नाहीत, पाण्यातून जाताना हलत नाहीत. पाडव्याला हेच टायर फरफटले होते, म्हणजे त्यांना ऊन सोसत नव्हते एवढेच. मी उगाच त्यांना नावे ठेवली. दिसतातही नव्यासारखे. जयमाला म्हणते धर्मराजने काळे पॉलिश मारले आहे. रस्ता वाहून जाईल पण ह्याचे पॉलिश जात नाही.

नंदूने दुकान काढले तर मी त्याला सांगणार, पावसाळ्यासाठी आपल्या जुन्या मालाला तोड नाही.

६ जुलै

काळजीत आहे. शाकारलेल्या टायरना हवा लागते की नाही पाहावे म्हणून आज पोत्याच्या भोकातून बोट घातले. आत सगळे गुळगुळीत. ती सुंदर नक्षी नाहीशी झाली आहे. कोंदट हवेत रबर आखडते की काय? चारही पोती तपासली, चारही तशीच. नंदूला आता काय तोंड दाखवू?

जयमालाला सांगितले तर तिला ठसका लागला. पाणी दिले. मग म्हणाली, "पावसाळा संपला की उमलेल परत." तिचा स्वभावच आशावादी.

२० जुलै, रविवार

आज बाबा आपणहून म्हणाले, "डॉक्टरनं मंगलवार दिलाय. येकुनतीस तारीक. उजवा डोला करून घेताव." मला आधी खरे वाटेना. विचारले, तुम्ही डॉक्टरकडे कधी गेलात? म्हणाले, "गेलू कवातरी." कशाने? "चाकावरून." जास्त विचारले तर रागावतील आणि ऑपरेशनही करायचे नाहीत, म्हणून गप्प बसलो. बसच्या पायऱ्या आता त्यांना जमू लागल्या असाव्यात.

डोळ्यांतून पाणी काढू नये असे ठरवले होते, जमले नाही. फक्त मी नेतो म्हटले तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "तू कामावर जा. दवाखान्यान थेट ये. जयमाला हाय." ती रिक्षा ठरवणार आहे. आपला मुलगा असताना, गाडी असताना, बाप रिक्षाने ऑपरेशनला जाणार. वाईट वाटते. पण जातो आहे हे काय कमी?

२९ जुलै, मंगळवार

आजचे सगळे क्रमाने लिहितो. 

सकाळी पाऊस असा की समोरचे दिसेना. कंपनीची बस तुर्भ्याच्या अलीकडे पाण्यात बंद पडली. दहा वाजता बाबांना दवाखान्यात पोचायचे होते. रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती. जी होती ती फुटपाथवर चढून उभी. मला समजले की बाबांना घेऊन जयमाला दिवाळ्यालाच अडकली असणार. आज ऑपरेशन चुकले तर बाबा परत तयार व्हायचे नाहीत, मी त्यांना ओळखतो. नारळी पुनव येईल आणि सुकाणू जाईल. मी बसमधून उतरलो आणि हायवेने उलटा दिवाळ्याकडे पळत सुटलो. जाऊन काय करणार होतो, पाठीवर घेणार होतो का, ते माहीत नाही. छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली, ती टाकून दिली.

सानपाड्याच्या वळणावर समोरून पाणी कापत एक गाडी येताना दिसली. पांढरी फियाट. जवळ आली तशी नंबर दिसला. माझी गाडी! माझ्या गाडीची चोरी झाली होती, आणि तीही आजच. मी दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. वाटले, घाल अंगावर, पण सोडणार नाही.

आता टायरबद्दल. इतके दिवस मी त्यांचा अनुभव आत बसून लिहीत होतो. ब्रेक लागला तेव्हा गाडी तिरकी झाली नाही, फरफटली नाही, नाकाच्या सरळ रेषेत येऊन माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली. खाली पोटरीभर पाणी होते. टायरचा खरा अनुभव समोर उभे राहून येतो, हे मी नंदूला सांगणार आहे.

चोराने साडी नेसली होती. साडी ओळखीची होती, गौरीच्या सणाला मीच घेतलेली. पदर कमरेला खोचलेला. शेजारी बाबा विडी ओढत बसले होते.

जयमालाने काच खाली केली. "मागे बसा लवकर. उशीर होतोय."

मी बसलो. दार लागेना. बाबा मागे न वळता म्हणाले, "ते दार जरा उचलून लाव. नायतर खालचा खटका बसत नाय." माझ्या गाडीचे दार कसे लावायचे ते मला बाबा सांगत होते.

 मी म्हटले, "जुन्या टायरनी काय पकडलं बघ." जयमाला आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "समर टायर आहेत हे. तुम्ही ठेवलेत त्याच्या तिसऱ्या दिवशी बदलून घेतले. जुने माळ्यावर आहेत, पोत्यात."

"पण पावसाळा आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि वळणावरचा खड्डा अलगद चुकवला.

मी बाबांना म्हटले, तुम्ही तर शपथ घेतली होती. ते म्हणाले, "मी सांगलेला, तू चालवशील त्या गारीन बसाचा नाय. ही तू चालवतंस?" बाबा शब्दाचे पक्के आहेत. ऐकताना मीच चुकलो होतो.

दहाला पाच मिनिटे असताना आम्ही पोचलो. बाबांना आत नेले. ऑपरेशन नीट झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा छान आहे, दिसेल. मी बाकावर बसून लहान मुलासारखा रडलो. जयमालाने शर्ट पिळून दिला.

२ ऑगस्ट

तीन दिवस घरात समर होते. गुरुजींचा अर्थ अगदीच चुकीचा नव्हता.

मी विचारले, मला का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता." हे मला लागले. तिने लायसनही दाखवले. फोटो तोच, महिला मंडळाचा. नंदूने चार दिवस शिकवले, मग तिने बाबांच्या डब्यासाठी रोज दिवाळे केले, आणि चिखलाच्या दिवसानंतर बाबाच म्हणाले की, मलाही घे. मे महिनाभर सासरा आणि सून माझ्या गाडीतून खाडीकाठच्या भरावापर्यंत वारा खायला जात होते आणि मी स्टोअर्समध्ये नटबोल्ट मोजत होतो. धर्मराजला सगळे ठाऊक. त्याचा खोकला बरा झाला आहे.

आज मी डायरी सुरुवातीपासून वाचली. सीटवाले पान दोनदा वाचले. काही पाने फाडावी असे वाटले, पण नंदूला शब्द दिला आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार. नारळी पौर्णिमा.

काल नंदू आला. अनुभव काय म्हणून विचारले. मी डायरी दिली नाही, तोंडी सांगितले की, पावसात थांबतात, मी समोर उभा राहून पाहिले आहे. तो म्हणाला, "मग? त्या थंड मुलखांत बर्फ पडतो दाजी, तिकडे त्याच्यासाठी वेगळे टायर लावतात. बाकी सगळं समरच. आपल्याकडे बारा महिने समर." एवढे वाक्य त्याने एप्रिलमध्ये बोलायला काय झाले होते?

संध्याकाळी सगळे दिवाळ्याच्या बंदरावर. होडीचे झाप काढले, रंग दिला, पताका लावल्या. बाबांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. डॉक्टरीणबाईंनी पाण्यात जायला दसऱ्यापर्यंत मनाई केली आहे, पण गडी थांबायला तयार आहेत. त्यांनी बाबांच्या पायाला हात लावला आणि सुकाणूला हार घातला. सुकाणू बाबांकडेच राहिले. मला एवढेच हवे होते.

नारळ सोडायची वेळ आली. दर वर्षी बाबा स्वतः एक नारळ समुद्राला देतात. या वेळी त्यांनी दोन मागितले. एक पाण्यात सोडला. दुसरा हातात घेऊन ते सगळ्यांसमक्ष चालत माझ्या गाडीकडे आले. मला वाटले मला देणार. मी हात पुढे केला होता. बाबा मला वळसा घालून गेले आणि तो जयमालाच्या हातात ठेवला. "चाक जिच्या हातान, नारल तिच्या हातान. आपले घरान आता दोन तांडेल हायत."

 बाईला तांडेल म्हटलेले कोणी ऐकले नव्हते. मग गड्यांपैकी कुणीतरी हसले, बायका नाचायला लागल्या. जयमालाने पुढच्या चाकाला हळदकुंकू लावले आणि नारळ फोडला. तिचा चेहरा मी लग्नातही असा पाहिला नव्हता, कारण तेव्हा तो मुंडावळ्यांनी झाकलेला होता.

मला हेवा वाटला, लिहून ठेवतो. आडनाव माझे, गाडी माझी, टायर माझ्या मेव्हण्याचे. बाबांनी जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "शामा, गारीम्होर उभा ऱ्हायलास ना पाण्यान, बापासाठी? माना दिसला." मी म्हटले, तेव्हा तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले नव्हते. ते म्हणाले, "तरी दिसला."

यायला निघालो तेव्हा मला वाटले आज आपण चालवावी. किल्ली माझ्याकडेच होती. बाबा ओट्यावरून बघत होते. ड्रायव्हरच्या जागेवर बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पुढे सरकलेली होती. सवयीने हात खाली खटक्याकडे गेला.

मग उतरलो, सीट तशीच राहू दिली, मागे जाऊन बसलो आणि दार उचलून लावले.